दगड होता तसा

रहाणेमामांनी आयुष्यात एकाही सापाला हात लावला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या श्रीरामपुरात त्यांचं नाव निघालं की लोक अजूनही मनगटाला साप गुंडाळल्याचा अभिनय करून दाखवतात. गळ्यात नाग घालून फोटो काढणारी मंडळी वेगळी. मामांचा सापाबरोबर एकही फोटो नाही. खरं तर कशाबरोबरच नाही. शाळेने त्यांना निरोप दिला त्या दिवशीसुद्धा ते हार काढून ठेवून प्रयोगशाळेची खिडकी लावायला गेले आणि फोटो काढून झाल्यावर परत आले.

ते आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मी भूगोल शिकवतो. वयाने ते माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, बुटके, काटक. अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पॅंटचे पाय कायम मोज्यांत खोचलेले, मग लग्नाला जायचं असो नाहीतर झेंडावंदनाला. शिपाई, सहायक सगळ्यांनाच शाळा मामा म्हणते. पण इतरांच्या बाबतीत कोणते मामा ते सांगावं लागायचं. नुसतं मामा म्हटलं की ते रहाणेमामा.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी खडूच्या खोलीत साप निघाला. मुख्याध्यापक बाकावर चढले होते, दोन शिक्षक काठ्या घेऊन दारात उभे होते आणि त्यांच्या मागे निम्मी शाळा. मामा आले, गर्दीतून वाट काढून दाराशी उकिडवे बसले आणि काहीच करेनात. पाच मिनिटं गेली. मुख्याध्यापक वरून म्हणाले, "मामा, काहीतरी करा की."

"सर, त्याला भाईर जायाचंय," मामा म्हणाले. "तुमी समदी दारात हुबी हायेत."

मग त्यांनी सगळ्यांना मैदानात पाठवलं. स्वतः भिंतीला पाठ लावून बसून राहिले. मी नवीन होतो आणि मला घाबरल्याचं दाखवायचं नव्हतं, म्हणून मीही थांबलो. वीसेक मिनिटांनी एक लांबलचक धामण खडूच्या खोक्यांमागून निघाली, आमच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली आणि गटाराच्या कडेने नाहीशी झाली. मामांनी खिशातून वही काढून तारीख, जागा आणि नाव लिहिलं. लांबी वितीत लिहिली. मग मला म्हणाले, "घाई कुनाला हाय, सर?" हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. चहा निवतोय म्हटलं तरी हेच.

चहाचं आठवलं म्हणून सांगतो. मामा कप ज्या जागेवरून उचलत त्याच जागेवर परत ठेवत. टेबलावर कपाच्या बुडाचा ओला गोल उमटलेला असायचा, त्या गोलावर नेमका. बोलता बोलता, न बघता. प्रयोगशाळेतली प्रत्येक काचनळी, प्रत्येक बरणी अशीच. कपाटात फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले चार साप होते आणि त्यांतल्या एकाची चिठ्ठी कित्येक वर्षं चुकीची होती. कवड्या होता, पण चिठ्ठीवर मण्यार. मामांनी लागल्या लागल्या ती बदलली, आणि दर वर्षी नववीच्या पोरांना त्या बरणीपुढे उभं करून फरक सांगायचे. कवड्या बिनविषारी. मण्यार चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, माणूस हसत हसत घरी जातो आणि झोपतो तो झोपतोच. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. "कवड्याचे पट्टे मानंपासून चालू व्हत्यात आन शेपटीकडं पुसत जात्यात. मन्यारीचं उलटं. तवा डोक्याकडं बघू नका, शेपटीकडं बघा." पोरं हे घोकून घोकून पाठ करायची. मलाही पाठ झालं होतं.

पण हे सांगून झालं की लगेच पुढचं वाक्य यायचं, आणि ते सांगताना मामांचा आवाज चढायचा. एरवी तो कधी चढत नसे. "आन ह्ये समदं बघायसाठी हाय. कुनाला चावला तर साप वळखत बसू नका. आधी गाडी काढा." गणपतीत मंडळं त्यांना बोलवायची. शाळेची वेळ सोडून बेलापूर, उक्कलगाव, कुठे कुठे जाऊन ते पंधरा मिनिटं बोलायचे आणि शेवटी सगळ्यांकडून हे वाक्य म्हणवून घ्यायचे. आधी गाडी काढा. त्यांची धाकटी बहीण लहानपणी अशीच गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. गावातल्या जाणत्या माणसाने साप बघून बिनविषारी सांगितला होता. तो जाणता माणूस म्हणजे मामांचे वडील.

सोपान आमच्यात आला तो भांडायला. बेलापूरचा शेतकरी, ऊस आणि थोडी पेरूची बाग, आणि एक जुनी जीप जिच्यावर त्याचा जीव होता. त्याच्या चुलतीला ओढ्यावर कपडे धुताना साप चावला. मामा योगायोगाने तिथे जवळच होते. त्यांनी साप बघितला. पाणदिवड. साधा पाण्यातला साप, विषाचा थेंब नाही. तरी त्यांनी सोपानला जीप काढायला लावली, चुलतीला दवाखान्यात आणलं आणि दुपारी चारपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिले. डॉक्टरांनी विष नाही म्हणून सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "मला ठावं हुतं, पानदिवड हुती." हे ऐकून सोपानचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. मी तेव्हा प्रयोगशाळेतच बसलो होतो.

"मामा, तुमाला ठावं हुतं तर सगळा दिस कशाला घालवला आमचा? म्हातारी भिऊन निम्मी झाली."

मामांनी हातातली काचनळी जागेवर ठेवली. "माजे डोळे मंजी काय दवाखाना हाय का?" ते म्हणाले.

सोपानने स्टूल ओढून त्यावर बसकण मारली. मग म्हणाला, "चहा तरी पाजा." त्यानंतर तो दर आठवड्याला येऊ लागला. हसरा माणूस. जोरात बोलायचा, आणि आपण विनोद केला की आधी आपणच हसून घ्यायचा. आमच्या दोघांच्या तोंडून दिवसभरात जितके शब्द निघत तितके तो एका चहात बोलायचा.

तेव्हापासून आमची सहल सुरू झाली. सहल हा सोपानचा शब्द. भाद्रपदात एका रविवारी पहाटे सोपानची जीप निघायची ती संगमनेरवरून अकोले, राजूर आणि पुढे भंडारदऱ्याकडे. वाटेत साप बघायचे, डोंगरात दगडांखाली बघायचे, अंधार पडायच्या आत परत. आठ वर्षं गेलो. मामा पुढे सोपानच्या शेजारी बसत, मी मागे. जीपमध्ये पहिला साप दिसेपर्यंत गाणं लावायचं नाही, हा मामांचा नियम होता. त्यांची दोन बोटं कायम समोरच्या पत्र्यावर असत. टकटक झालं की थांबायचं. आम्हाला काही दिसलेलं नसायचं. उतरून बघावं तर करवंदीच्या जाळीत हिरवा हरणटोळ, काडीसारखा लोंबकळणारा. रस्त्यावर गाडीखाली आलेला साप दिसला तरी टकटक व्हायचीच. मामा उतरत, पळसाचं नाहीतर सागाचं पान खाली सरकवून त्याला कडेला गवतात ठेवत आणि वहीत नोंद करत. नाव, जागा, विती, आणि पुढे 'गाडीखाली'. एका सकाळी संगमनेर ते अकोले सात वेळा थांबलो. सोपान म्हणाला, "मामा, आपन साप बघायला आलोय का मौतीला?" मामा म्हणाले, "दोन्ही."

आणि दगड. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. मामांकडे एक काठी होती, टोकाला लोखंडी आकडा बसवलेली. दगड आकड्याने आपल्याकडे उचलायचा, म्हणजे पलीकडून साप निघून जाऊ शकतो आणि मध्ये दगड आडोशाला राहतो. हाताने कधीही नाही. बघून झालं की दगड परत ठेवायचा, आणि तो होता तसाच. ओली बाजू खाली, शेवाळाची वर, मातीतल्या त्याच खळग्यात. एका वर्षी सोपानने घाईत दगड फिरवून ठेवला. आम्ही जीपमध्ये बसून चारेक किलोमीटर आलो तेव्हा मामांनी विचारलं, "मगाचा दगड कसा ठिवला रं?" सोपान म्हणाला, ठेवला की. "कसा?" सोपानने नुसता गिअर बदलला. मामांनी पत्र्यावर टकटक केलं. जीप वळवून आम्ही चार किलोमीटर मागे गेलो आणि मामांनी तो दगड दोनदा हलवून खळग्यात बसवला. खाली एक विंचू आणि थोडी मुंग्यांची अंडी एवढंच होतं. "त्येंच्या घराचं छप्पर फिरवलंस तू," एवढंच ते सोपानला म्हणाले. त्यानंतर सोपान दगड ठेवताना इतकी काळजी घ्यायचा की मी त्याची थट्टा करायचो. देव बसवतोयस का, म्हणायचो.

हे सांगताना पूर्वी मला हसू यायचं. आता नुसतं सांगतो. दाढ काढल्यावर गालाला हात लावला तरी गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं या आठवणींचं झालंय.

चार वर्षांपूर्वीची ती आमची आठवी सहल. मामांना निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं. त्यांनी जिल्ह्यातले जवळजवळ सगळे साप पाहिले होते. एक राहिला होता. पोवळा. बारीक, जाड दोऱ्याएवढा, काळं डोकं, शेपटीवर दोन काळी कडी आणि पोट पोवळ्याच्या रंगाचं. त्याचं नाव मामा क्वचितच काढत. घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू बोलत. त्या दिवशी रतनवाडीच्या रस्त्याला चहा पिताना टपरीवाल्या बाईने सांगितलं, "वरल्या बांधाला काल बारीक तांबड्या पोटाचं कायतरी दिसलं हुतं. शेपटी वर करून वाकुल्या दावत हुतं." मामांनी कप खाली ठेवला. गोलावर ठेवला, पण आज बघून ठेवला. मी पाहिलं.

जीप खाली लावून आम्ही चढायला लागलो. पाऊस नव्हता, धुकं होतं. बरंच वर गेल्यावर वाटेत एक रुंद दगड होता. मामांनी तो आकड्याने उचलला. खाली ओली माती, दोन गोगलगायी. त्यांनी दगड खाली ठेवला आणि ते पुढे निघाले. एरवी ते खाली वाकून दगडाची कड तपासत. त्या दिवशी नाही तपासली. सोपान मागे होता. त्याला दिसलं की एक कोपरा खळग्याबाहेर राहिलाय. तो म्हणाला, "मामा, तुमीच चुकलात की आज," हसला, वाकला आणि दोन्ही हातांनी दगड सरळ केला.

"आयला, काटा."

मामा वळले. दगडाच्या पुढच्या बाजूने गवतातून काहीतरी काळं सरकत होतं. छोटं, दीड वीतभर. मामा वर होते, त्यांना डोक्याकडचा भाग दिसला. मी खाली, सोपानच्या मागे होतो. माझ्या हातात मोबाईल होता, दगडाचा फोटो घ्यायला काढलेला. मी बटण दाबलं. साप कपारीत गेला.

सोपानने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुढे केलं. दोन बारीक ठिपके, तेही नीट बघितल्यावर दिसणारे. रक्त नाही.

"काय होतं?" मी विचारलं.

"कवड्या," मामा म्हणाले. "पिल्लू हाय. मानंपास्नं पट्टे हुते."

सोपान हसत होता. "बगा मामा. चुलतीला पानदिवड चावली तर दिसभर बशिवलं. आता मला न्हेता का दवाखान्यात?"

मामांनी वर धुक्याकडे पाहिलं. बांध तिथून दहा मिनिटांवर होता. खाली जीपपर्यंत अर्धा तास, पुढे दवाखाना तासाभराच्या वर. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं, मला ते दिसलं. मी अजून तो चेहरा बघू शकतो. त्यांनी वही काढली, घड्याळ बघून वेळ टिपली, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि वही मिटली.

"दुखतंय का?"

"मुंगी चावल्यागत. कायबी न्हाई."

"मंग चला. कवड्या हाय," मामा म्हणाले.

ते दोघं पुढे चालू लागले. मी मागे राहून मोबाईलमध्ये फोटो पाहिला. चांगला आला होता. गवत, दगडाची कड आणि कपारीत शिरणारी शेपटी. शेपटीवर पट्टे होते. जोडीजोडीने, पांढरेशुभ्र, टोकापर्यंत स्पष्ट. पुसट झालेले नाहीत.

नववीच्या पोराला जे कळलं असतं ते मला कळलं. आणि मग मला वाटलं की मामा चुकत नाहीत. वीस वर्षांत मी त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं. मी भूगोलाचा मास्तर. पिल्लांचं वेगळं असेल. आत्ता हाक मारली आणि तो कवड्या निघाला तर सोपान जन्मभर चिडवील, आणि मामांचा पोवळा जाईल. हे इतकं सगळं मला वाटायला फार तर दहा पावलं लागली. मी मोबाईल खिशात ठेवला.

पोवळा दिसला. हेही सांगितलं पाहिजे. बांधाच्या तिसऱ्या दगडाखाली तो होता, टपरीवाल्या बाईने सांगितला तसाच. त्याने शेपटी वर वळवली. मामा गुडघ्यांवर बसले. "हात लांब ठिवा," एवढं म्हणाले आणि मग पाऊण तास कोणी काही बोललं नाही. साप पानांखाली गेला, परत आला, आम्ही बसून राहिलो. मामा मध्येच सोपानचा खांदा दाबायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. सोपान बांधाला टेकून बसला होता आणि मला वाटलं तोही बघतोय. मग तो म्हणाला, "सर, मला लई झोप येतीया."

मामांनी मान वळवली. सोपानच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. तो त्या वर करायचा प्रयत्न करत होता आणि होत नव्हत्या. "पोटातबी दुखतंय," तो म्हणाला, आणि जीभ जड झाल्यामुळे ते नीट म्हणता न आल्याचं त्याला थोडं हसू आलं.

सोपानला मामांनी पाठीवर घेतलं. ते साठीला आले होते आणि सोपान चांगला ऐंशी किलोचा. मी मध्ये मध्ये घेत होतो, पण जास्त त्यांनीच आणलं. जीप मी चालवली. मामा मागे सोपानचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत त्याचा श्वास अडायला लागला तेव्हा ते त्याच्या तोंडात तोंड घालून हवा भरत होते. मला आरशात दिसत होतं. मला सवय झाली होती म्हणून की काय, पण सबंध रस्ता मी पत्र्यावरच्या टकटकीची वाट बघत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता चावला?"

"अकरा वाजून धा मिन्टं," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन झाले होते. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं, लस दिली, पिशवी लावून श्वास दिला, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. संगमनेरच्या अलीकडे सोपान गेला.

मला रडू आलं नाही. रस्त्यावर दुधाच्या गाड्या होत्या आणि दवाखान्याच्या गाडीमागून जीप नेताना मी त्यांना वाट देत होतो, एवढं आठवतं.

बेलापूरला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: रहाणेमामा बरोबर होते म्हणून निदान दवाखान्यापर्यंत तरी पोचला. मामांनीच पाठीवर घेऊन आणला. मामांनी एक मिनिट घालवलं नसेल. हे कोणी विचारून खात्री करून घेतलं नव्हतं. मामा बरोबर असताना गाडी उशिरा निघाली असेल, हे कोणाच्या मनातच आलं नाही.

तेराव्याला पंगत उठल्यावर मामा ओट्यावर सोपानच्या बायकोपुढे जाऊन बसले. तिला सगळे मंदा म्हणत. आसपास भावकीतली दहा-बारा माणसं होती.

"मंदाबाई," मामा म्हणाले, "म्या साप वळखत बसलो. गाडी काढली न्हाई. तासभर डोंगरात बसून ऱ्हायलो."

मंदाबाईने मान वर करून भावकीकडे पाहिलं. सोपानचा चुलता उठला, त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, आसं काय बोलता. तुमीच आमाला शिकिवलं गाडी काढायला. दुखानं मानसाला कायबी वाटतं." तीच चुलती, पाणदिवडवाली, आतून चहा घेऊन आली. बाई म्हणाली, "मामांनी माझ्यापायी दिसभर उपाशी काढला हुता. त्ये सोपानला सोडतील व्हय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच होतो, ओट्याच्या टोकाला, हातात पान-सुपारीचं ताट. मामांखेरीज खरं काय ते जाणणारा जगात मी एकटाच. मामा खरं बोलतायत, एवढंच मला म्हणायचं होतं. मी ताट पुढच्या माणसाकडे सरकवलं.

त्या दिवसानंतर मामा सापाबद्दल बोललेच नाहीत. मंडळांना नाही म्हणून सांगितलं. नववीला तो पाठ त्यांनी शिक्षकांवर सोडला. एकदा स्टाफरूमच्या मागे साप निघाला, पोरं त्यांना घेऊन आली. लांबूनही कळत होतं, धामण. सहावीतलं पोर सांगेल. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मला न्हाई सांगता येत." पोरं हसली, त्यांना वाटलं मामा परीक्षा घेतायत.

वर्षभराने ते निवृत्त झाले. मुलगी नाशिकला असते, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. मी अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, मध्ये स्टूल ठेवून त्यावर चहा ठेवला. पॅंटचे पाय मोज्यांत खोचलेलेच होते. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि एक पान उघडून माझ्यापुढे धरलं.

वर तारीख होती. खाली 'रतनवाडी, रुंद दगड, दीड वीत, ११.१०, सोपानला चावला'. नावाची जागा मोकळी होती. बाकी पान कोरं. पोवळ्याची नोंद नव्हती.

"सर," मामा म्हणाले, "तुमी त्या दिशी फोटू काढला हुता."

मला वाटलं होतं त्यांच्या लक्षात नसेल. फोटो हलला, पुसट आला, असं काहीतरी मी म्हणणार होतो. वर्षभर तयार ठेवलेलं वाक्य होतं ते. पण मला त्या ओट्यावरचं ताट आठवलं. मी मोबाईल काढला, फोटो शोधला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. मोबाईल आधी लांब धरला, मग जवळ. मग, बरणीपुढे पोरांना सांगायचे अगदी त्याच आवाजात म्हणाले, "मन्यार. शेपटीकडं बगा, शेवटापत्तुर किती सोच्छ पट्टे हायेत."

"हो," मी म्हणालो.

"कवा बघितला तुमी?"

"तिथंच. तुम्ही दोघं वर चढत होता तेव्हा."

मामांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं नाही. मोबाईल माझ्या गुडघ्यावर ठेवला, पेन घेतलं आणि मोकळ्या जागेत 'मण्यार' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं. शाई वाळेपर्यंत थांबले, वही मिटली, पिशवीत घातली आणि उरलेला चहा उभ्याउभ्याच संपवला. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"येतो, सर," ते म्हणाले.

फाटक उघडून ते डाव्या हाताला वळले. कुंपणाच्या मेंदीवरून त्यांचं डोकं थोडा वेळ दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. मी मागे वळलो. स्टुलावर कपाचा ओला गोल होता आणि कप नव्हता. तो त्यांनी जाता जाता कुंपणाच्या खांबावर ठेवला होता, कडेला, अर्धा बाहेर.